विश्लेषण : बॅकअप घेतला, पण परत काय मिळणार?

व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमध्ये व्हिडीओंचा पर्याय बंद असेल, तर नव्या फोनवर चॅट परत येतात, व्हिडीओ येत नाहीत. पर्याय बंद होता, हे तेव्हाच कळते. लिनक्सवरील बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न एक पायरी आधीच सुरू होतो. तिथे काही पर्याय वापरकर्त्याच्या हाती सॉफ्टवेअर येण्यापूर्वीच ठरलेले असतात.

हे पर्याय कोण ठरवते?

लिनक्सवरील बहुतेक सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो. तो कंपाइल करून त्याचे पॅकेज बनवण्याचे काम डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांचे पॅकेज सांभाळणारे करतात. या प्रक्रियेला बिल्ड म्हणतात. बिल्ड करतानाच काही सुविधा घेता किंवा वगळता येतात. वगळलेली सुविधा नंतर सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येत नाही, कारण ती त्या प्रोग्राममध्ये नसतेच. ‘जेंटू’ या वितरणात मात्र वापरकर्ता सहसा स्वतःच्या संगणकावरच बिल्ड करतो आणि ‘यूज फ्लॅग’ नावाच्या खुणांनी हवे-नको ते सांगतो.

पर्याय हवेतच कशाला?

‘बॅकुला’चे उदाहरण पाहू. २००० साली सुरू झालेल्या या बॅकअप प्रणालीचे मुख्य भाग तीन. बॅकअप कधी आणि कशाचा घ्यायचा हे ‘डायरेक्टर’ ठरवतो, ‘स्टोरेज डीमन’ प्रत साठवतो आणि ‘फाइल डीमन’ प्रत्येक संगणकावरून फाइली उचलून देतो. कोणती फाइल कुठे ठेवली, याची नोंद डेटाबेसमध्ये होते. कार्यालयात शंभर संगणक असतील, तर बहुतेकांना फक्त फाइल डीमन पुरतो. म्हणून जेंटूमध्ये ‘बॅकुला-क्लायंटओन्ली’ हा फ्लॅग आहे, तर डेबियनने या भागांची वेगवेगळी पॅकेजेस केली आहेत. सॉफ्टवेअर जितके कमी, तितकी अपडेट आणि सुरक्षेची कटकट कमी. हा पर्याय योग्यच आहे.

मग धोका कुठे आहे?

सगळे पर्याय सारखे नसतात. ग्राफिक खिडकी वगळली तर फार तर गैरसोय होते. पण ‘एसीएल’ म्हणजे फाइल कोण वाचू वा बदलू शकतो याची यादी. तिची सोय वगळली तर फाइल परत येते, तिच्यावरचे हक्क येत नाहीत. लेखा विभागाचे फोल्डर परत मिळाले, पण ते कोणी उघडायचे हेच हरवले, अशी गत होते.

त्याहून वाईट म्हणजे आपोआप होणारी निवड. बिल्ड करताना एखादी लायब्ररी संगणकावर सापडली तर सुविधा घ्यायची, नाही तर गुपचूप वगळायची. जेंटूच्या मंडळींनी याला ‘ऑटोमॅजिक’ असे नाव ठेवले आहे. एकाच आवृत्तीची दोन पॅकेजेस वेगवेगळी वागतात आणि कारण कुठेही लिहिलेले नसते.

गप्प राहण्याची किंमत काय?

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब डॉट कॉम’चा मुख्य डेटाबेस काम करताना चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला, तर साठवणीची जागा रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ चा होता, बॅकअपसाठी मात्र ९.२ चे साधन चालत होते. कोणती आवृत्ती वापरायची हे पॅकेज एका फाइलवरून ओळखत असे. बॅकअप चालणाऱ्या सर्व्हरवर ती फाइल नव्हती, म्हणून जुनी आवृत्ती निवडली गेली. बॅकअप दरवेळी अर्धवट थांबत होता आणि त्रुटी कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली दुसरी एक प्रत होती, म्हणून बरेच काही वाचले. मधल्या तासांच्या नोंदी मात्र गेल्या. इथे प्रश्न बिल्डच्या फ्लॅगचा नव्हता, पण दोष तोच होता : पॅकेजने अंदाज बांधला आणि कोणालाही सांगितले नाही.

पर्याय कसे असावेत?

एक, ज्या सुविधेवर डेटा जसाच्या तसा परत मिळणे अवलंबून आहे, ती मुळातच चालू असावी. बंद करायची असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागावे.

दोन, लायब्ररी नसेल तर बिल्ड थांबावे. फाइलींच्या प्रती काढणाऱ्या ‘आरसिंक’च्या ३.२ मालिकेत काही सुविधांबाबत हेच होते. लायब्ररी सापडली नाही, तर ती सुविधा नको असल्याचे तुम्हीच लिहून द्या, असे ते सांगते.

तीन, तयार प्रोग्रामने आपल्यात काय नाही हे सांगावे. आरसिंकला आवृत्ती विचारली की नसलेल्या सुविधेपुढे ‘नो’ लागलेले दिसते.

चार, नावे सरळ असावीत. बॅकुलाच्या ‘नोडिर’ या फ्लॅगमध्ये डायरेक्टर नको म्हणून फ्लॅग ‘चालू’ करावा लागतो. अशा उलट्या नावांनी घोटाळा होतो.

पॅकेज लहान असणे चांगलेच, पण ते बॅकअप सॉफ्टवेअरचे पहिले कर्तव्य नाही. पहिले कर्तव्य दिलेले परत करण्याचे आहे, आणि काही परत करता येणार नसेल तर ते आधीच सांगण्याचे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनीही पॅकेजवर विसंबून राहू नये. बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून तिचे हक्क तपासून पाहावेत. ही तपासणी गरज पडण्यापूर्वी केली, तरच तिचा उपयोग.