आपले अल्कोहोल आणि कामाचा दगड



गळिताचा हंगाम सुरू झाला की आपणा सर्वांचे लक्ष तीन गोष्टींकडे लागते. तोड कधी मिळणार, काट्यावर वजन काय भरले आणि उतारा किती पडला. हे योग्यच आहे. ऊस आपला, घाम आपला, तेव्हा हिशोबही आपणच विचारला पाहिजे. परंतु कारखान्याच्या मागच्या फाटकातून अल्कोहोलचे जे टँकर बाहेर पडतात, त्यांचे पुढे काय होते हे आपल्यापैकी फार थोडे जण विचारतात.

गेल्या हंगामात काट्यावर नंबर लागायची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या गावच्या एका सभासदाजवळ मी हा विषय काढला. ते म्हणाले, "गुरुजी, टँकर कुठं का जाईना, आपल्याला काय करायचंय? टनाला किती पडायलेत तेवढं सांगा." त्यांचा प्रश्न खरा आहे. माझे म्हणणे एवढेच, की टनाला किती पडतील याच्या उत्तराचा एक तुकडा त्या टँकरमध्येही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक टन उसामागे साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते. त्या मळीपासून दहा लिटरच्या आसपास अल्कोहोल होते. हे अल्कोहोल आज मुख्यतः पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जाते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. आपल्याला त्याचा फायदा झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण ७ डिसेंबर २०२३ आठवा. हंगाम ऐन भरात असताना उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल करण्यास केंद्र सरकारने मनाई केली. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेची मर्यादा घालून ती थोडी सैल झाली. पुढच्या वर्षासाठी बंधने उठली ती २९ ऑगस्ट २०२४ रोजी. सरकारला साखरेचा साठा सांभाळायचा होता, त्यांची बाजूही समजू शकते. पण ज्या कारखान्यांनी कर्ज काढून टाक्या आणि यंत्रे उभी केली होती, त्यांचे हप्ते काही थांबले नाहीत.

दर ठरवणार सरकार, आणि घेणाऱ्या मोजक्या तेल कंपन्या. मक्याचे इथेनॉलही आता आपल्या शेजारी येऊन उभे राहिले आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्यांचा ऊस आहे, त्यांना एकाच पाळीवर विसंबून राहणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पाणी सुटले तर सुटले, नाही तर उभे पीक डोळ्यांदेखत वाळते. म्हणूनच माणूस कालव्यावर ऊस असला तरी विहीर पाडतो. अल्कोहोलच्या बाबतीत आपली विहीर कोणती, हा माझा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना एका दगडाची गोष्ट सांगावी लागेल.

आपल्या भागात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे, चकाकणारे स्फटिक सापडतात. पोरे ते खेळायला घेऊन जातात. त्यातल्या बऱ्याचशा स्फटिकांना झिओलाइट म्हणतात. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट नावाच्या खनिजतज्ज्ञाने असा दगड तापवून पाहिला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. त्यावरून ग्रीक भाषेतले 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे नाव पडले. फसफसण्याचे कारण असे, की हा दगड आतून पोकळ असतो. त्यात अतिसूक्ष्म, एकसारखी भोके असतात व त्यांत पाणी बसलेले असते. माणसाने पुढे प्रयोगशाळेत असे दगड तयार केले आणि भोकांचा आकार आपल्याला हवा तसा ठरवला. झेडएसएम-५ नावाच्या प्रसिद्ध झिओलाइटचे भोक एका मिलिमीटरच्या साधारण वीस लाखाव्या भागाएवढे असते. म्हणजे ही पदार्थाच्या एकेका रेणूची चाळणीच झाली. सडपातळ रेणू आत जातो, जाडजूड बाहेर राहतो.

ही चाळणी नुसती चाळत नाही, काम करते. तिच्या आतल्या भिंतींवर आम्लाचा गुण असतो. आत शिरलेले दोन रेणू तिथे जुळतात व नवा पदार्थ होऊन बाहेर पडतात. दगड जिथल्या तिथे. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ जसा लग्न लावून देतो आणि स्वतः पुढच्या घरी जायला मोकळा राहतो, तसेच हे. याला शास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. आपल्याला ही गोष्ट अगदीच परकी नाही. वनस्पती तूप कसे होते? पातळ तेलातून हायड्रोजन वायू सोडतात, आणि मध्यस्थ असतो निकेल धातूचा बारीक चुरा. तूप डब्यात भरले जाते, निकेल गाळून मागे राहते.

आता अल्कोहोलकडे येऊ. अल्कोहोल एकच, पण ज्या घन पदार्थावरून ते तापवून न्यावे त्याप्रमाणे निराळा माल मिळतो. अ‍ॅल्युमिनावरून किंवा झिओलाइटवरून नेले की इथिलीन वायू होतो, ज्यापासून प्लॅस्टिक बनते. तांब्यावरून नेले की अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, जे औषधे व इतर रसायने करणाऱ्यांना लागते. म्हणजे बैल तोच, तिफणीला जुंपला की पेरणी, मोटेला जुंपला की पाणी. हवा तेवढाच माल व्हावा आणि नको तो होऊ नये, अशा बेताने हा दगड घडवणे, ही आजच्या रसायनशास्त्रातली मोठी विद्या आहे.

आणि ही विद्या आपल्या घरची आहे. पुण्याला पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. ऐंशीच्या दशकात तिथे डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले. त्यातला एक विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्स या कारखान्यात वापरला गेला. तिथे अल्कोहोलपासून स्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचा कच्चा माल व्हायचा. जुन्या पद्धतीत आधी अल्कोहोलचे इथिलीन करायचे, मग ते अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने बेंझीनला जोडायचे. हे क्लोराइड यंत्रे खाते, मालात मिसळते, ते धुऊन काढावे लागते आणि धुतलेला आम्लाचा गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो. नव्या पद्धतीत अल्कोहोल आणि बेंझीन थेट दगडावरून न्यायचे. अल्कोहोलमध्ये पाणी असले तरी चालते. दगड धुवावा लागत नाही. त्यावर काजळी धरली की गरम हवा सोडून ती जाळायची, दगड पुन्हा कामाला तयार. प्रदूषण कमी, खर्च कमी, आणि कच्चा माल उसाचा. याहून आपल्या उपयोगाची विद्या कोणती?

पण इथे थांबून मी सावधही करतो. कारण कोणी चकचकीत कागद घेऊन आला आणि 'प्लॅस्टिकचा कारखाना काढा' म्हणाला, की आपण हुरळून जातो. आधी तराजू हातात घ्या. निखळ ४६ किलो अल्कोहोलपासून फार तर २८ किलो इथिलीन होते, बाकीचे १८ किलो पाणी होऊन जाते. म्हणजे शंभरातले एकोणचाळीस किलो वजन गटारात. शिवाय त्या इथिलीनला तेलाच्या इथिलीनशी टक्कर द्यायची. उलट ४६ किलो अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड केले तर ४४ किलोपर्यंत मिळू शकते. इथिल अ‍ॅसिटेट हा रंग आणि शाईच्या धंद्यात लागणारा द्रव नुसत्या अल्कोहोलपासून केला, तर ९२ किलोचे ८८ किलो होते. हे झाले कागदावरचे जास्तीत जास्त; प्रत्यक्षात घट धरावीच लागेल. तरीही अल्कोहोलमधला ऑक्सिजन ज्या मालात टिकतो, तिथे आपला ऊस वाया जात नाही, एवढे या हिशोबावरून सातवी पास माणसालाही कळेल.

इतिहासही हेच सांगतो. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ १९६३ पासून अल्कोहोलपासून रबर करणारा मोठा कारखाना होता. तो पुढे बंद पडला. विशाखापट्टणमच्या कारखान्याचेही मालक बदलले. उलट उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स १९८९ पासून मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल करते. आपल्याकडे कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला सोमय्या समूहाचा कारखाना अल्कोहोलपासून इथिल अ‍ॅसिटेट आणि इतर रसायने करतो. हे दोन्ही खाजगी आहेत. खाजगीवाल्याला जे सुचते, ते हजारो सभासदांच्या सहकाराला का सुचू नये?

दुसरी अडचण आपल्याच घरात आहे. आपण रस साफ करायला गंधकाचा धूर वापरतो. गंधकाचा अंश मळीत उतरतो आणि तिथून थोडाफार अल्कोहोलमध्येही येऊ शकतो. पेट्रोलमध्ये मिसळताना त्याची फार तक्रार नसते. पण तांबे, निकेल अशा उत्प्रेरकांचा गंधक हा वैरी आहे. त्याचा जरासा अंशही त्यांचे काम बंद पाडतो. उत्प्रेरक महागडा असतो. तो अकाली मेला तर नफा तिथेच संपला. तेव्हा पुढचा माल करायचा असेल तर आधी आपले अल्कोहोल शुद्ध पाहिजे. हे काम आजही करता येईल, त्याला नवा कारखाना लागत नाही.

तिसरी गोष्ट जिवाची. विशाखापट्टणमच्या त्याच आवारात, पण दुसऱ्या मालकाच्या काळात, ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनच्या टाकीतून वाफ सुटली आणि बारा माणसे झोपेतून उठली नाहीत किंवा रस्त्यात पडली. दोष उत्प्रेरकाचा नव्हता, साठवणुकीचा आणि देखभालीचा होता. पण मेलेल्यांना त्याचे काय? दगड कितीही शहाणा असला तरी टाकीवर लक्ष माणसालाच ठेवावे लागते. आपल्या डिस्टिलरीच्या सांडपाण्याबद्दल ओढ्याकाठची गावे काय बोलतात, ते आपण सर्व जाणतो. आहे ते नीट सांभाळता येत नसेल, तर नवे मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. औद्योगिक अल्कोहोलवर राज्य सरकारचा अधिकार चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला होता, तोही त्या बरेलीच्याच कारखान्याच्या खटल्यात. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. आता राज्य यावर नियम करू शकते. म्हणजे अल्कोहोलचे पुढे काय होणार, हे मुंबईतही ठरणार. तिथे आपले म्हणणे मांडायला कोणी हवे की नको?

एवढे सगळे लिहून माझी सूचना मात्र लहान आहे. एकट्या कारखान्याने कर्ज काढून रसायनांचा प्रकल्प काढू नये. पुढील वार्षिक सभेत आपण संचालक मंडळापुढे चार गोष्टी ठेवाव्यात.

१) आपल्या अल्कोहोलमधील गंधक, पाणी आणि इतर अशुद्ध अंश यांची नियमित तपासणी करून आकडे या पत्रिकेत छापावेत.

२) मराठवाड्यातील शेजारच्या सहकारी कारखान्यांशी बोलून संयुक्त प्रकल्पाचा विचार करावा. लहान लहान टँकर एकत्र आले तरच त्याला आकार येईल.

३) मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाषाणची प्रयोगशाळा यांच्याकडून आपल्या अल्कोहोलवर आधी लहान प्रमाणात प्रयोग करून घ्यावा. यंत्रे विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

४) घेणारा कोण, किती वर्षांसाठी आणि कोणत्या भावाने, हे लेखी झाल्याशिवाय एक वीटही रचू नये. सांडपाण्याची व सुरक्षिततेची सोय आधी, यंत्र नंतर.

कोणी म्हणेल, ही शिकलेल्यांची कामे, आपल्याला कामून पाहिजेत? पण शिकलेले तरी कोणाचे आहेत? परभणीला, गंगाखेडला रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेली आपलीच पोरे कुरकुंभला, महाडला, तारापूरला जाऊन दुसऱ्याच्या भट्टीपुढे पाळ्या करतात. ऊस इथला, अल्कोहोल इथले, पोरगेही इथले. आणि कमाई मात्र तिकडे. प्रवरानगरला जेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांची साखर शेतकऱ्यांनीच करायची म्हटले, तेव्हाही हसणारे होते. त्या वेळी साखर हा शिकलेल्यांचाच धंदा समजला जात होता.

विहिरीत सापडलेला पांढरा दगड आपण पोरांना खेळायला दिला. त्याच जातीच्या दगडावर दुसऱ्यांनी कारखाने चालवले. यापुढे निदान तो हातात घेऊन नीट पाहू या, आणि वार्षिक सभेला नुसता चहा घेऊन परत न येता एक प्रश्न विचारून येऊ या. कळावे.

— एक सभासद