घोड्याचा डोळा उद्यावर टाकू नका

घोडा लंगडू लागला की मालक त्याच दिवशी धावाधाव करतो, कारण कमाई थांबते. डोळा दुखणारा घोडा मात्र चालत राहतो. माथेरानच्या लाल धुळीत तो पर्यटकाला पॉइंटवर नेतो, वरातीच्या झगमगाटात नवरदेवाला मिरवतो. ‘कचरा गेला असेल, उद्या बरं होईल’ म्हणत दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात डोळा हातचा जातो.

जमिनीवरच्या सर्वांत मोठ्या डोळ्यांमध्ये घोड्याच्या डोळ्यांची गणना होते. ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित बाहेर आलेले असतात. मागून येणारे संकट दिसावे म्हणून असलेली ही सोय; पण त्यामुळेच बाभळीचा काटा, पागेतला खिळा किंवा चाबकाचे टोक आधी डोळ्यालाच लागते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा. त्यावरच्या ओरखड्यात जंतू किंवा बुरशी शिरली, तर तो कधी कधी एक-दोन दिवसांत अक्षरशः विरघळू लागतो. दमट हवेत बुरशीचा धोका अधिक.

डोळ्यातून पाणी येणे, डोळा अर्धवट मिटणे, बुबुळावर निळसर-पांढुरकी झाक येणे ही लक्षणे बहुतेकांना ठाऊक असतात. पापणीच्या केसांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. निरोगी घोड्याच्या वरच्या पापणीचे केस जवळजवळ सरळ पुढे असतात. डोळा दुखू लागला की ते खाली झुकतात. समोर उभे राहून दोन्ही डोळे ताडून पाहिले की फरक लगेच कळतो.

अशा वेळी घोड्याला काळोख्या जागी बांधावे, डोळा घासू देऊ नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. वरवरची धूळ निर्जंतुक सलाइनने धुता येईल. रुतलेला काटा मात्र ओढून काढू नये. पापणी फाटून लोंबत असेल तर तो तुकडा कापू नये, तो टाके घालून जोडता येतो. तुरटी, मध वगैरे घरगुती उपाय नकोतच. सर्वांत घातक म्हणजे घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब. लाली उतरते, मालक निर्धास्त होतो आणि आत जखम खोल जाते. जखम आहे की नाही हे फ्लुरोसीनच्या रंगीत पट्टीने काही मिनिटांत कळते. जखमेची जागा हिरवी चमकते. ही पट्टी महागडी नाही. जिथे घोड्यांवर पर्यटन चालते तिथल्या प्रत्येक पशुदवाखान्यात ती असलीच पाहिजे आणि सवारीचा परवाना देताना खुरांबरोबर डोळेही तपासले पाहिजेत.

तोवर पर्यटकांनी एवढे तरी करावे: रिकिबीत पाय ठेवण्याआधी घोड्याच्या तोंडाकडे पाहावे. एक डोळा मिटलेला दिसला तर भावाची घासाघीस बाजूला ठेवून दुसरा घोडा मागावा, आणि का मागितला तेही घोडेवाल्याला सांगावे.