लहरी जनतेच्या, नफा मक्तेदारांचा

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राभोवती घिरट्या घालणाऱ्या पोलिस हेलिकॉप्टरमधील वैमानिकांनी उत्तर मनोऱ्याचे वरचे मजले तापून लाल झालेले पाहिले. मनोरा फार काळ तग धरणार नाही, असा इशारा त्यांनी आपल्या बिनतारी यंत्रावरून दिला. तो पोलिसांनी ऐकला. त्याच मनोऱ्यात असलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांपर्यंत तो पोहोचला नाही. कारण त्यांची यंत्रे निराळ्या लहरींवर बोलत होती आणि दोन्ही दलांचे अधिकारी निराळ्या ठिकाणी उभे राहून हुकूम देत होते. १० वाजून २८ मिनिटांनी मनोरा कोसळला. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशामक दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले.

यातून अमेरिकेच्या राज्यकर्त्यांनी जो निष्कर्ष काढला तो भांडवलशाहीच्या स्वभावाला साजेसाच होता : यंत्रे जुनी आहेत, तेव्हा नवी विकत घ्यावीत आणि त्यासाठी सरकारने अनुदान द्यावे. निष्कर्ष सर्वस्वी खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि हे अर्धे सत्य काही थोड्या कंपन्यांना फार फलदायी ठरले.

मुळात हा दोष २००१ साली उजेडात आला, असे मानणे ही भाबडी समजूत आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत विमान कोसळले, तेव्हाच मदतीस धावलेल्या निरनिराळ्या दलांना परस्परांशी बोलता येत नव्हते. १९९३ साली याच व्यापार केंद्रात स्फोट झाला, तेव्हाही उंच इमारतीत बिनतारी यंत्रे मुकी पडली होती. सप्टेंबर १९९६ मध्ये सरकारनेच नेमलेल्या सल्लागार समितीने आणीबाणीच्या सेवांना अधिक लहरी द्या, असे स्पष्ट सांगितले. १९९७ साली अमेरिकी संसदेने त्याप्रमाणे २४ मेगाहर्ट्झचा पट्टा राखूनही ठेवला. पण त्या पट्ट्यावर दूरचित्रवाणी कंपन्या बसल्या होत्या. नव्या डिजिटल प्रक्षेपणासाठी दुसरी वाहिनी त्यांना फुकट मिळाली होती, तरी जुनी सोडण्याची घाई त्यांना नव्हती. आणि ८५ टक्के घरांत नवे प्रक्षेपण दिसू लागेपर्यंत जागा न सोडण्याची मुभा कायद्यानेच त्यांना दिली होती. तो पट्टा देशभर पूर्णपणे मोकळा झाला जून २००९ मध्ये. मधल्या बारा वर्षांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि २००५ साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लीन्स बुडाले. अग्निशामकाने थांबावे आणि जाहिरातदाराने थांबू नये, हा अग्रक्रम संसदेने विचारपूर्वक ठरवला होता.

पुढचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. रिकाम्या झालेल्या लहरींचा मोठा भाग २००८ साली लिलावात निघाला. सरकारला सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले आणि सिंहाचा वाटा व्हेरिझॉन व एटीअँडटी या दोन कंपन्यांच्या पदरात पडला. त्या अपेक्षित उत्पन्नातून अवघे १ अब्ज डॉलर आणीबाणीच्या दलांना ‘परस्परांशी बोलू शकणारी’ यंत्रणा उभारण्यासाठी अनुदान म्हणून बाजूला काढले गेले. ३० सप्टेंबर २००७ पर्यंत वाटप झालेच पाहिजे, अशी कायद्याची घाई होती. ५६ राज्ये व प्रदेशांना ती रक्कम वाटली गेली आणि मग ती खर्च करता करता मूळची २०१० ची मुदत सप्टेंबर २०१२ पर्यंत ताणावी लागली. जनतेच्या मालकीच्या लहरी विकायच्या आणि आलेल्या पैशाचा एक तुकडा जनतेच्या रक्षकांना ‘मदत’ म्हणून परत द्यायचा, ही दानशूरता विलक्षण म्हटली पाहिजे!

हा तुकडाही गेला कोठे? अनुदान होते खरेदी, उभारणी आणि प्रशिक्षण यांसाठी. पुढची वर्षानुवर्षांची देखभाल ज्याची त्याने पाहायची. शिवाय खरेदीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा स्थानिक पातळीवर उभा करायचा. अमेरिकेतील बहुसंख्य अग्निशामक हे बिनपगारी स्वयंसेवक आहेत. लहान गावांतील त्यांची पथके वर्गणी गोळा करून आणि सार्वजनिक न्याहारीच्या पंगती मांडून खर्च भागवतात. अशा गावाने हजारो डॉलर किमतीचा एकेक हातसंच घ्यावा आणि तो बिघडला की पुन्हा त्याच विक्रेत्याच्या दारात उभे राहावे, अशी ही व्यवस्था आहे.

त्याच विक्रेत्याच्या दारात का, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून ‘प्रोजेक्ट २५’ नावाचे सामायिक मानक ठरवण्याचे काम १९८९ साली सुरू झाले. सोळा वर्षांनी, २००५ पर्यंत, त्यातील आठ प्रमुख जोडण्यांपैकी केवळ एकीची व्याख्या पूर्ण झाली होती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ साली हे नमूद केले आणि संदिग्ध मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी जुळत नसल्याचेही सांगितले. मानक अपुरे राहिले की मोकळ्या जागा उत्पादक आपल्या खास सोयींनी भरून काढतो आणि गिऱ्हाईक त्याला कायमचे बांधले जाते. या बाजारपेठेवर दीर्घकाळ मोटोरोलाचे वर्चस्व राहिले, त्याचे गमक येथेच आहे.

याचा परिणाम खुद्द केंद्रीय सरकारच्या घरात दिसला. नोव्हेंबर २०१२ मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी खात्यातील ४७९ बिनतारी यंत्रधारकांची तपासणी केली. ठरवून दिलेल्या सामायिक वाहिनीवर जाऊन बोलता आले ते फक्त एकाला. ४७८ जणांपाशी यंत्रे होती. त्यांना वाहिनी ठाऊक नव्हती, किंवा ती यंत्रात बसवलेलीच नव्हती. आणि हे पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचाही पत्ता नव्हता.

अर्ध्या सत्याचा उरलेला अर्धा भाग हाच आहे. ११ सप्टेंबरची चौकशी करणाऱ्या आयोगाने, उत्तर मनोऱ्यातील अनेक जवानांच्या मृत्यूला यंत्रांचे अपयश हातभार लावणारे होते, मुख्य कारण नव्हे, असे म्हटले आहे. त्याच दिवशी पेंटॅगॉनवर विमान आदळले. आर्लिंग्टन परगण्याच्या अग्निशामक दलाचे काम तेथे बरेच सुरळीत झाले. यंत्रांच्या अडचणी तेथेही होत्या. परंतु दलांचे एकत्र सराव झालेले होते, परस्परांवर विश्वास होता आणि घटनास्थळी हुकूम कोणाचा चालणार हे आधी ठरलेले होते. या गोष्टी कोणत्याही कंपनीच्या दरपत्रकात मिळत नाहीत आणि म्हणूनच अनुदानाच्या याचिकांत त्यांना शेवटची ओळ मिळते.

युरोपात सारे आलबेल आहे, असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. ब्रिटनने आपल्या पोलिस, अग्निशमन व रुग्णवाहिका सेवांचे ‘एअरवेव्ह’ जाळे खासगी भांडवलावर उभारू दिले आणि २०१६ साली ते मोटोरोलाच्या हाती गेले. अखेर २०२३ मध्ये तेथील स्पर्धा नियामकाला किमतींवर मर्यादा घालावी लागली. स्पर्धा असती तर द्यावे लागले असते त्याहून सुमारे २० कोटी पौंड दरवर्षी जास्त वसूल होत असल्याचा त्याचा अंदाज होता.

बिनतारी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियंत्रण जनहितासाठी सार्वजनिक सत्तेनेच केले पाहिजे, हे तत्त्व भारतात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात मांडले. पुढे भारतातही लहरींचे लिलावच होत गेले, ही गोष्ट वेगळी. पण निदान तत्त्व नोंदले गेले आहे. अमेरिकेत मात्र व्यवहार उलट्या दिशेने पूर्णत्वाला गेला. २००८ च्या लिलावात आणीबाणीच्या सेवांशी भागीदारीची अट असलेला पट्टा कोणी किमान किमतीलाही घेईना : अपेक्षा १.३ अब्जांची, बोली आली ४७ कोटी २० लाखांची. लोकसेवेची अट जोडताच बाजार पाठ फिरवतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले होते. तरी २२ फेब्रुवारी १९१२ नव्हे, २०१२ च्या कायद्याने तो पट्टा आणि ७ अब्ज डॉलर ‘फर्स्टनेट’ या सरकारी प्राधिकरणाला देण्यात आले. आणि २०१७ साली त्या प्राधिकरणाने पट्ट्याचा वापर ६.५ अब्ज डॉलरसह २५ वर्षांसाठी एटीअँडटीला बहाल केला. शतक कोणते, असा संभ्रम पडावा इतका हा व्यवहार जुन्या रेल्वे-सम्राटांना दिलेल्या जमिनींच्या देणग्यांसारखा आहे.

समर्थक म्हणतात, कंपनी स्वतः सुमारे ४० अब्ज डॉलर ओतणार आहे आणि संकटात अग्निशामकाला अग्रक्रम मिळतो. अग्रक्रम मिळतो, हे मान्य. पण संकट नसते तेव्हा, म्हणजे बहुतेक सर्व काळ, त्याच लहरींवर कंपनी आपली सामान्य गिऱ्हाइके चालवते. ४० अब्जांची गुंतवणूक ही त्या कमाईची पूर्वतयारी आहे.

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी, कायद्यावर सही झाल्याला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, एटीअँडटीच्या जाळ्यात देखभालीच्या वेळी एक चुकीची जुळणी झाली आणि ते बारा तास कोलमडले. ९ कोटी २० लाखांहून अधिक कॉल अडले. त्यांत ९११ या मदत क्रमांकावरचे २५ हजारांहून अधिक होते. फर्स्टनेटची सेवाही बंद पडली, जरी ती सर्वांआधी पूर्ववत करण्यात आली. प्राधिकरणाला मूळ कायद्याने आयुष्य दिले होते १५ वर्षांचे, म्हणजे २०२७ पर्यंतचे. कंपनीचा करार २०४२ पर्यंत आहे.