संक्षेपाची कसोटी

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या घरीं आला होता. तो एका कारखान्यांत यंत्रांची देखरेख करतो. जेवणें आटोपून ओटीवर बसलों असतां तो म्हणाला, “काका, बॉयलरचा दाब दाखविणारा आमचा पडदा खऱ्या दाबाच्या दहा सेकंद मागें चालतो. त्यामागचा संगणक लहान व दुर्बळ. पण नवा घेण्यास वरिष्ठ राजी नाहींत.”

“अरे, त्या पडद्यावर दाखवितां तरी किती?”

“चोवीस तासांचा आलेख, दर सेकंदास एक नोंद.”

हिशेब सोपा होता. नोंदी ८६,४००, पडद्याची रुंदी अवघी ८०० पिक्सेल. म्हणजे एकेका उभ्या रांगेंत १०८ नोंदींची दाटी! हा सारा भार दर सेकंदास नव्यानें रेखाटणारें यंत्र मागें पडेल, यांत नवल तें काय?

“मग सरासरी काढूं,” तो म्हणाला. येथेंच धोका आहे. १०७ वेळां दाब ६ बार असला आणि एकदांच ९ वर गेला, तर सरासरी ६.०३ येते. आलेख सरळ दिसतो आणि घात लपून राहतो. वर्गाच्या सरासरी गुणांवरून नापास मुलगा ओळखतां येत नाहीं, हें आम्हां मास्तरांस सांगणें नलगे.

यास उपाय असा : प्रत्येक रांगेंतील सर्वांत लहान व सर्वांत मोठी, अशा दोनच नोंदी त्यांच्या क्रमानें ठेवाव्या. बिंदू १,६०० च उरतात. एकहि उसळी लपत नाहीं. रांगांच्या वेळा घड्याळाशीं बांधाव्या, म्हणजे मागच्या रांगा बदलत नाहींत. दर सेकंदास शेवटचीच नव्यानें मोजावी. आइसलंड विद्यापीठांत स्वेन स्टेनार्सन यांनीं २०१३ सालीं त्रिकोणांच्या क्षेत्रफळावरून बिंदू निवडण्याची रीत मांडली. ती आलेखाचें रूप उत्तम राखते. परंतु टोकाची नोंद तींत राहीलच, असा भरंवसा नाहीं. जेथें जीविताचा प्रश्न आहे, तेथें पहिली रीत बरी. मूळ नोंदी मात्र संग्रहीं जशाच्या तशा राखाव्या.

पंधरा दिवसांनीं त्याचा फोन आला. पडदा आतां दाबाबरोबर चालतो. शिवाय पहाटेची एक उसळी दिसल्यामुळें सुरक्षा-झडप वेळींच तपासली गेली.

वाचकहो, पाणिनीनें अक्षरें वाचविलीं, पण अर्थ गाळला नाहीं. संक्षेप पोथींतला असो वा पडद्यावरचा, कसोटी हीच.