लिटर तेवढेच, उष्णता कमी : वीस टक्के इथेनॉलचा हिशेब

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की इंधनाचा जळण्याचा गुणधर्म बदलतो. ऊस, मळी आणि धान्य यांपासून मिळणाऱ्या या अल्कोहोलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. तो जळत नाही, उष्णताही देत नाही. म्हणून एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक लिटर इथेनॉलमधून जेमतेम २१. वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ६ ते ७ टक्के उष्णता कमी असते. घट त्याच प्रमाणात झाली, तर लिटरला ५० किलोमीटर जाणारी दुचाकी ४७ किलोमीटरच्या आसपास येईल. हा अपप्रचार नव्हे, रसायनशास्त्र आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या मोटारींसाठी ६ ते ७ टक्के, दुचाकींसाठी मात्र त्याहून कमी, ३ ते ४ टक्के घट नोंदवलेली आहे.

इथेनॉलचे गुणही तितकेच खरे आहेत. त्याचा ऑक्टेन अंक १०० च्या वर आहे. वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते आणि सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड करते. त्यामुळे ठिणगी पडल्यानंतर ज्वाला पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकत नाही, इंजिन खटखटत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड घटतो. ॲसिटाल्डिहाइड मात्र वाढते.

पण ऑक्टेनचा लाभ आपोआप पदरात पडत नाही. दट्ट्या मिश्रण जास्त दाबत असेल आणि ठिणगीची वेळ त्यानुसार पुढे आणलेली असेल, तरच त्या लाभातून कमी उष्णतेची काही भरपाई होते. संपीडन गुणोत्तर कारखान्यातच ठरते. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीत ते पंपावर बदलता येत नाही.

हवेचे प्रमाणही बदलते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर धुराची तपासणी करतो आणि इंजेक्टर त्यानुसार जास्त इंधन सोडतो. कार्ब्युरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे असते. तिथे हवा जास्त आणि इंधन कमी पडते. थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देते, गाडी अडखळते. इथेनॉलसाठी न बनवलेले रबरी पाइप आणि सील फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते. टाकीत मर्यादेबाहेर पाणी शिरले, तर पाणी आणि अल्कोहोल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच इंधन उचलते.

हे सारे आधीपासून माहीत होते. २००१ साली मिरज, मनमाड आणि बरेली येथे मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प झाले. २०१३-१४ मध्ये मिश्रण दीड टक्का होते, २०२२ मध्ये १० टक्के झाले. २०३० सालासाठी ठरलेले २० टक्क्यांचे लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या मात्र त्या वेगाने बदलल्या नाहीत.

ब्राझीलने १९७५ पासून अल्कोहोल इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. तिथे मिश्र पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल पंपावर वेगवेगळे मिळतात, आणि २००३ पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सुमारे ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे, हा हिशेब तिथल्या चालकाला तोंडपाठ असतो. ७० टक्के हा आकडा उष्णतेच्या फरकातूनच आला आहे. निवड आणि माहिती हाती असल्याने तिथला ग्राहक फसत नाही.

इथेनॉलमुळे ऊस उत्पादकाच्या पदरात पैसा पडतो, तेलाची आयात घटते. हे हित खरे आहे. त्याचा भार जुनी दुचाकी चालवणाऱ्या माणसावर गुपचूप टाकणे अन्यायाचे आहे. म्हणून या मागण्या :

१. प्रत्येक पंपावर मिश्रणाची टक्केवारी ठळक अक्षरांत लिहावी.
२. मिश्र पेट्रोलचा भाव त्यातील उष्णतेच्या प्रमाणात ठरवावा.
३. जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण उपलब्ध ठेवावे.
४. कोणत्या वर्षाच्या कोणत्या गाडीला किती मिश्रण चालते आणि कोणते भाग बदलावे लागतात, हे उत्पादकांनी लेखी जाहीर करावे.

ग्राहक लिटरचे पैसे मोजतो, पण गाडी उष्णतेवर चालते. उष्णता कमी मिळत असेल, तर भावही कमी झाला पाहिजे.