भीती पेशीपर्यंत, दोष मात्र आईच्या माथी

नवऱ्याचे घर सोडून दोन वर्षे झालेली एक बाई आमच्या केंद्रात आली होती. ‘आता कुणी अंगाला हात लावत नाही, ताई. पण दाराची कडी वाजली की अजून पोटात गोळा येतो.’ सोबत आलेला भाऊ म्हणाला, मनाचे खेळ आहेत सगळे.

मैत्रिणींनो, हे ‘मनाचे खेळ’ आपण फार ऐकले. म्हणून मेंदूविज्ञान याबाबत काय सांगते ते आपण कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे. भीतीच्या प्रसंगी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते आणि मेंदूपर्यंत पोचते. तेथे पेशीत शिरून ते एका प्रथिनाला चिकटते. ही जोडी पेशीच्या केंद्रात जाऊन काही जनुकांचे काम वाढवते, काहींचे कमी करते. जनुक तेच राहते, ते किती चालायचे हे बदलते. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात हेच प्रथिन ‘आता पुरे’ असा निरोपही देते. ते कमी पडले, तर धोका टळल्यावरही शरीर लवकर शांत होत नाही.

२००४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी, मोशे झिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या उंदरांच्या पिल्लांना आईने कमी चाटले, त्यांच्यात या प्रथिनाच्या जनुकावर मिथाइलची रासायनिक खूण जास्त बसते आणि जनुक मंदावते. २००९ मध्ये याच गटाने आत्महत्या केलेल्या माणसांचे मेंदू तपासले. लहानपणी अत्याचार झालेल्यांत तशीच खूण जास्त आढळली.

इथपर्यंत ठीक. पण हे ज्ञान आपल्याकडे कसे पोचते पाहा. मध्यंतरी मी एका गर्भसंस्कार वर्गाला जाऊन बसले होते. वक्त्या बाईंनी याच संशोधनाचा हवाला देत सांगितले, ‘आईने ताण घेतला तर बाळाच्या जनुकांवर ठसा उमटतो, म्हणून आनंदी राहा.’ जणू ताण ही बाजारातून घेण्याची वस्तू! समोर बसलेल्या मुलींपैकी कुणाला घरी मार बसत असेल, हा विचार कुणाच्या मनातही नव्हता. नवऱ्यांना का बोलावत नाही, असे विचारले. त्यांना वेळ नसतो, हे उत्तर.

त्याच प्रयोगशाळेतली पुढची गोष्ट अशा वर्गांत कुणी सांगत नाही. २००६ मध्ये फ्रान्सिस शँपेन आणि मीनी यांनी पिल्लांना भरपूर चाटणाऱ्या उंदरीणींना गाभणपणी ताण दिला, तेव्हा त्यांचे चाटणे कमी झाले. म्हणजे आई निष्काळजी नव्हती, तिला त्रास दिला गेला होता. जर्मनीतल्या २०११ च्या एका लहानशा अभ्यासात गरोदरपणी जोडीदाराची हिंसा सोसलेल्या बायकांच्या किशोरवयीन मुलांच्या रक्तातही ही खूण वेगळी दिसली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण त्यातून काही प्रश्न निघतच असेल, तर तो मारणाऱ्याला विचारायचा.

दुसराही धोका मला दिसतो. उद्या एखादा वकील म्हणेल, एवढा छळ झाला तर रक्तात दाखवा. कुणाला मार बसला हे सांगणारी रक्ततपासणी नाही, आणि रक्तातली खूण म्हणजे मेंदूतली खूण नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मानसिक छळालाही हिंसाच मानले आहे. तिथे बाईचे सांगणे आधी, प्रयोगशाळा नंतर. ‘कायमची बिघडलेली’ हा शिक्काही आपण मारू देऊ नये. २००४ च्या त्याच प्रयोगात मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत औषध सोडून ती खूण पुसता आली होती. ते औषध माणसांसाठी नाही, पण ठसा अटळ नाही एवढे त्यातून कळते.

आपण मागणी करायची ती गर्भवतींच्या तपासणीत. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या जोडीने ‘घरी कुणी मारते का, धमकावते का?’ हा प्रश्न विचारला जावा. सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवूनच तो विचारायचा, आणि उत्तर ‘हो’ आले तर पुढे कुणाकडे पाठवायचे हे नर्सबाईंना माहीत हवे. त्यासाठी आडोशाची, दोन खुर्च्या मावतील एवढी जागा लागते. मी पाहिलेल्या तपासणीच्या खोल्यांत ती नव्हती.