उंचीचा हिशेब

दिवाळीत आमच्या घरी एकदा तरी खडाजंगी व्हावी लागते. त्याशिवाय फराळाला चव येत नाही. गेल्या खेपेचा विषय मात्र अगदी नवा होता : दादाची जीप उंच करायची की नाही?

ही जीप १९६५ सालची. विलीजच्या परवान्याने महिंद्रांनी बांधलेली, सीजे-थ्रीबी. वडिलांनी ती सरकारी लिलावात घेतली तेव्हा मी पाळण्यात होतो. अमेरिकेत विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ साली काढले. त्यातले नवे इंजिन आधीच्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेटच वर उचलावे लागले. तेव्हा आमच्या जीपची मान जन्मतःच ताठ आहे म्हणा ना! पण आमच्या पुतण्याला तेवढ्याने समाधान नव्हते.

"काका, शेतावरच्या वाटेला पावसाळ्यात गाडीचं पोट घासतं. एकतीस इंची टायर टाकायचे. त्यासाठी बॉडी पाच इंच वर घ्यायची. बस्स!"

दादा म्हणाला, "मी जिवंत असेपर्यंत नाही." बाप आणि मुलगा दोघेही माझ्याकडे पाहू लागले. एम. ए. मराठी माणसाला मोटारीतले काय कळणार? पण घरात प्राध्यापक असला की त्याला लवाद नेमतात. वहिनींनी चकलीची ताटली माझ्यापुढे सरकवली. ती फी समजून मी पुतण्याला घेऊन गॅरेज गाठले.

तिथले मिस्त्री म्हणजे वडिलांच्या वेळचा माणूस. त्यांनी आम्हाला गाडीखाली वाकायला लावले. "मास्तर, हे पाटे बघा. या गाडीत ते आसाच्या खाली असतात. काढून आसाच्या वर बसवले, की बॉडी पाचेक इंच वर जाते. मोठा टायर मडगार्डला लागत नाही. पण पोट म्हणता ते कुठलं? घासतो तो हा गोळा, डिफरन्शियलचा. तो आसावर आहे. बॉडी आभाळाला नेली तरी हा होता तिथेच."

"मग मोठ्या टायरने?" मी विचारले.

"आताचा टायर अठ्ठावीस इंची. एकतीसचा घातला म्हणजे तीन इंच वाढ. त्यातली निम्मी आसाच्या वर जाते, निम्मी खाली राहते. गोळा उचलला जातो दीड इंच."

पाच इंच उंचीच्या खटाटोपातून हाती दीड इंच! पुतण्या गप्प झाला. मिस्त्री मात्र थांबेनात. बॉडी वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकच्या नळ्या ताणतात. स्टीअरिंगचा दांडा तिरपा होऊन खड्ड्यात गाडी आपोआप वळू पाहते. मोठे चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त आणि थांबवायला ब्रेकलाही जास्त. शिवाय काटा पन्नास दाखवील तेव्हा गाडी पंचावन्नने धावत असेल. "आणि दोन चाकांमध्ये अंतर केवढं? चार फूट. एवढ्या अरुंद पायावर वजन वर नेलं तर उताराच्या वळणाला काय होईल, ते तुम्हीच सांगा."

कायद्याची बाजू मी रात्री वाचून काढली. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदावरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. दर पाच वर्षांनी ज्या गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यायची, तिच्या बाबतीत हा धोका घेणे म्हणजे वडिलांची गाडी कायमची दारात उभी करणे.

हे सारे मी निकालपत्राच्या थाटात वाचून दाखवले. पुतण्याने मान खाली घातली. पण पटल्याचे चिन्ह नव्हते. घासण्याचा प्रश्न होता तिथेच होता. आणि त्याचे खोटे तरी काय होते? परवाच्या श्रावणात त्याच वाटेवर गाडी अडकली, तेव्हा तापाने फणफणलेल्या आईला त्याने पाठीवर घेऊन डांबरी सडक गाठली होती. पोराला उंचीचा हव्यास नव्हता. त्याला भीती बसली होती.

इतका वेळ वाती वळत बसलेली आई तेव्हा बोलली. "अरे, यांच्या वेळी नाही कधी घासली ती. मी शेजारीच बसलेली असायची ना. धोंडा दिसला की हे चाक नेमकं त्याच्यावर घालायचे. म्हणायचे, धोंडा पोटाखाली घ्यायचा नाही, चाकाखाली घ्यायचा." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आणखी उंच केलीत तर मी चढू कशी रे? आत्ताच तुझा हात लागतो."

पुतण्याने चमकून आजीकडे पाहिले. जिच्यासाठी हा सारा घाट घातला, तिच्या गुडघ्यांचा हिशेब कुणीच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गॅरेजवर गेला आणि हसत परतला. जुने पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसले होते. गाडी स्वतःच्या मूळ उंचीपेक्षाही खाली आली होती. मिस्त्रींनी पाट्यांचा नवा संच घातला. टायर जुन्याच मापाचे, पण खोल खाचांचे घेतले. दादाने पैसे दिले आणि कुरकुर केली नाही, यावरून काय ते समजावे.

यंदाच्या पावसाळ्यात मी त्या वाटेने गेलो. पुतण्या चालवत होता, आई पुढे बसली होती. मोठा धोंडा आला. त्याने गाडी थांबवली, उतरून वाट पाहिली, परत बसून डावे चाक हळूच धोंड्यावर चढवले. गाडी कलली, सावरली, पलीकडे उतरली. खाली काहीही घासले नाही.

आईने नुसती मान हलवली. वडिलांना द्यायची तशीच दाद होती ती.